शिमशोनभाऊंची हाक

सन्माननीय अध्यक्ष श्री. एलियाझर किल्लेकर, सैन्याच्या शहर-अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून खास बेर-शेवाहून आलेल्या मेजर तामार, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती शिमशोनभाऊ पेझारकर, त्यांच्या पत्नी मॅगीवहिनी, महिला मंडळाच्या भगिनी, जमलेले सर्व बंधू, आणि शेवटच्या रांगेत हिब्रूत कुजबुजत बसलेली आपली मुलं, सर्वांना माझा शालोम.

आज मंगळवार, सहा मार्च दोन हजार अठरा. सकाळी ढग होते, मग ऊन पडलं. दुपारी हॉल उघडला. महिला मंडळाने पोहे धुतले, नारळ खवले, खजूर निवडले. तरुणांनी खुर्च्या मांडल्या. संध्याकाळी एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन मलिदा झाला, सर्वांना प्रसाद मिळाला. नंतर तीन वक्ते बोलले. आता मी उभा आहे.

माझं नाव हनोख वाक्रूळकर. मृत समुद्राकाठी पोटॅशचा कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. प्रयोगशाळेत फार बोलावं लागत नाही. त्यामुळे किल्लेकरसाहेबांनी "दोन शब्द बोला" म्हटलं, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. ते म्हणाले, "हनोख, स्तुती करायला पुष्कळ जण आहेत. पण बोलायचा अधिकार तुझा आहे."

कुठला अधिकार, ते इथे बहुतेकांना माहीत आहे. नवीन मंडळींसाठी सांगतो. शिमशोनभाऊ माझ्या घरी येऊन गेले आहेत. वर्दीत.

शिमशोनभाऊंना तुम्ही शाळेतले खेळाचे शिक्षक म्हणून ओळखता. आपल्या निम्म्या मुलांना त्यांनी शिट्टी वाजवून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पण सैन्याच्या राखीव दलात त्यांच्याकडे दुसरं काम होतं. एखादा सैनिक गेला की ती बातमी घरी नेऊन सांगणाऱ्या तुकडीत ते होते. भारतातून इथे आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हिब्रू येत होती, नाही असं नाही. पण ती त्यांची कचेरीची भाषा. मुलगा गेल्याचं कचेरीच्या भाषेत सांगू नये, असं शहर-अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कुणाला तरी सुचलं, आणि दक्षिणेतल्या आपल्या घरांसाठी मराठी बोलणारा माणूस शोधला गेला. तो माणूस हे. दिमोना, येरुहाम, किर्यात गात, कुठे कुठे गेले, त्यांनी कधी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही.

(मेजरबाई, तुमच्या शेजारी बसलेले दाविदभाई तुम्हाला हे सगळं हिब्रूत सांगत आहेत, पण तुम्ही मघापासून हसताय, तेव्हा ते स्वतःच्या पदरचं काहीतरी घालत असावेत.)

आता विचार करा, अशा माणसाने साध्या कपड्यांत जरी गल्लीत पाऊल टाकलं, तरी काय होत असेल? बायका खिडकीतून मागे सरायच्या. ज्यांची मुलं सैन्यात, त्यांच्या घरात टीव्हीचा आवाज बंद व्हायचा. एकदा राखीव दलाच्या सरावावरून हे गृहस्थ थेट एका बारशाला आले, वर्दीतच. बाळाच्या आजीने हातातली थाळी टाकली आणि खुर्चीत बसकण मारली. बाळ खुशाल, आई खुशाल, आणि सगळे आजीला पाणी पाजतायत. त्या दिवसापासून शिमशोनभाऊंनी दोन गोष्टी केल्या. गाडीत कायम एक फुलाफुलांचा शर्ट ठेवला. आणि कुणाच्याही घरी जाताना खालूनच हाक मारायला सुरुवात केली.

"शिमशोन आहे! चहाला आलोय!"

आपल्या इमारती चार मजली, लिफ्ट नाही, पण मैदानावर तयार झालेला तो आवाज वरच्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत पोचायचा. माझी पत्नी शुली खिडकीतून ओरडायची, "चहालाच ना? मग ओरडताय कशाला? सगळ्या दिमोनाला पाजायचाय का?"

"वहिनी, पातेलं मोठं ठेवा!"

मॅगीवहिनी, तुम्ही आज हसताय, पण तुमची तक्रारही मला माहीत आहे. तुम्ही शुलीला म्हणाला होतात, "लोकांना धीर यावा म्हणून हे दर घरी भुकेले असतात. दर घरी चहा, दर घरी चकली. साखर ह्यांची वाढते आणि डॉक्टर मला बोलतात." ही आपल्या समाजाची चूक आहे, कबूल करायला हवी. हाक मारणाऱ्या माणसाला खायला घातल्याशिवाय आपण सोडलं नाही.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात गाझाची लढाई सुरू होती. आमचा मोठा मुलगा आसाफ तिथे होता. दुपारची वेळ होती. शुली भेंडी चिरत होती, मी पंख्याखाली वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. वाचत नव्हतो. जिन्यावर पावलं वाजली.

शुली म्हणाली, "कोण आहे?"

मी म्हटलं, "वरच्या मजल्यावर असेल कुणाकडे."

ती ऐकत राहिली. मग तिने सुरी खाली ठेवली. "हनोख, त्यातलं एक पाऊल शिमशोनभाऊंचं आहे."

"मग हाक कशी नाही आली?"

तिने ओले हात पदराला पुसले आणि घंटा वाजायच्या आत दार उघडलं.

बाकीचं मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो की त्यांनी 'वीर' हा शब्द वापरला नाही, 'देश' हा शब्द वापरला नाही. ते म्हणाले, "आसाफ गेला, हनोखभाऊ. मी इथेच आहे." मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅस बंद केला. आमची धाकटी, नोगा, तेव्हा चौदा वर्षांची होती आणि मैत्रिणींबरोबर पोहायला गेली होती. तिला कुणा शेजाऱ्याकडून कळू नये म्हणून ते खाली जाऊन भर उन्हात जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. ती आली, तिने त्यांना पाहिलं, आणि ती त्यांच्या छातीवर मुठी मारत राहिली. त्यांनी हात धरले नाहीत. मारू दिलं.

सुतकाचे सात दिवस झाले, महिना झाला. शिमशोनभाऊ आमच्याकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, त्यांचं काम संपलं. एका संध्याकाळी शुलीने मला खिडकीशी बोलावलं. खाली हे उभे. दोन पावलं पुढे यायचे, थांबायचे, परत मागे जायचे. फुलांचा शर्ट घातलेला. अडचण काय होती? हाक मारली तर दुःखाच्या घरात थट्टा केल्यासारखं. न मारता वर आले तर पुन्हा तीच पावलं. माणूस खरोखर अडकला होता. शुलीने थोडा वेळ बघितलं, आणि मग माझी बायको, जिने महिनाभर मोठ्याने शब्द काढला नव्हता, खिडकीतून ओरडली:

"शिमशोनभाऊ! चहा ठेवलाय, वर या!"

आमच्या घरात माणसांचं येणं-जाणं त्या दिवशी परत सुरू झालं. त्याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते येतात आणि आमचे वाद होतात. आपल्याकडे कुठल्या घरात होत नाहीत? एकाच टेबलावर दोन पक्ष, कधी तीन. माझे मेहुणे म्हणतात, एक इंच जमीन देऊ नका. मी म्हणतो, दिल्याशिवाय सुटणार कसं? एकदा वाद फार चढला. मेहुणे म्हणाले, "आपल्या घरी तरी माणूस येऊन सांगतो. आपल्याला आपल्या माणसांची किंमत आहे." शिमशोनभाऊ कधी राजकारणात पडत नाहीत. त्या दिवशी हातातली पोळी ताटात ठेवून म्हणाले, "तिकडे गाझात दार वाजवणारा पोचायच्या आत पुष्कळदा दारच राहत नाही. आई तिकडेही आईच असते. ह्याच्या पुढे मला काही कळत नाही."

आत्ता कुणीतरी मागे घसा खाकरला. ठीक आहे. हे सगळ्यांना पटावं असा माझा आग्रह नाही. मेहुण्यांनाही पटलं नाही. पण त्यांनी शिमशोनभाऊंच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मी स्वतः थोडा आशावादी आहे, त्याचं कारण माझी नोकरी. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून पलीकडचा किनारा दिसायचा. तिथे जॉर्डनचा तसाच कारखाना. तरुणपणी आम्ही त्या दिव्यांकडे शत्रूचे दिवे म्हणून बघायचो. मग दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या, आणि एक दिवस तिकडचा एक रसायनतज्ज्ञ पाहुणा म्हणून आमच्याकडे आला. समुद्राचं पाणी आटवायच्या तळ्यांच्या बुडाशी मीठ साचतं, ही आमची मोठी डोकेदुखी. मी त्याला भीत भीत विचारलं, तुमच्याकडेही साचतं का? तो म्हणाला, "साचतं? अहो, मला वाटायचं ते तुम्हीच रात्री आणून टाकता." आम्ही दोघं इतके हसलो की साहेब बघायला आले. ती सीमा आज शांत आहे. माझ्या डोळ्यांसमोर शांत झाली आहे. म्हणून जेव्हा लोक म्हणतात की इथे कधीच काही बदलणार नाही, तेव्हा मी वाद घालत नाही. मला ते दिवे आठवतात.

अध्यक्षमहाराज, माझा वेळ संपत आला असेल, पण ज्या गोष्टीसाठी मी उभा राहिलो ती अजून राहिली आहे.

आमची नोगा आता अठरा वर्षांची आहे. ह्याच महिन्यात तिची भरती आहे. तुम्हाला ठाऊक आहे, ज्या घरातलं एक मूल गेलं, त्या घरातल्या दुसऱ्या मुलाला लढाऊ पलटणीत जायचं असेल तर आईबाप दोघांची सही लागते. नोगाला जॉर्डनच्या सीमेवर जी मुलामुलींची मिश्र पलटण आहे, तिच्यात जायचंय. सही द्यायची शेवटची मुदत परवा, गुरुवारी. शुलीने हिवाळ्यातच सही केली.

मी म्हटलं, "मला न विचारता?"

ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही दोन वर्षं विचार केला असता. ही प्रयोगशाळा नाही. नमुना परत तपासायला मिळत नाही."

"आणि उद्या काही झालं तर?"

"तर मी मरेन. पण आज तिला घरात कोंडलं तर ती रोज थोडी थोडी मरेल, आणि ते बघायला मी असेन."

मी सही केली नाही. नोगा माझ्याशी बोलेनाशी झाली. बोलायची ते एवढंच: "अब्बा, मीठ द्या." "अब्बा, दार लावा."

शेवटी मी शिमशोनभाऊंकडे गेलो. ते मैदानावर मुलांना पळवत होते. मी म्हटलं, "शिमशोन, तू एवढी दारं वाजवलीस. माझ्या जागी तू असतास तर सही केली असतीस का?"

ते म्हणाले, "हनोखभाऊ, मला विचारू नका. ह्या बाबतीत माझ्याइतका कुचकामी माणूस दिमोनात नाही."

"तुला नाही विचारायचं तर कुणाला?"

"अहो, मला फक्त वाईट दारं माहीत. ज्यांची मुलं सुट्टीला घरी येतात, मळके कपडे टाकतात, झोपतात, जेवतात आणि परत जातात, त्यांच्याकडे मला कुणी पाठवलं का कधी? ती घरं कितीतरी जास्त आहेत. पण मी ती पाहिलीच नाहीत. माझा अंदाज नेहमी चुकणार." तेवढ्यात एका मुलाने फेरी मधूनच कापली. "ए योताम! मी पाहिलंय! परत जा, झाडाला हात लावून ये!" मग मला म्हणाले, "तिला विचारा, तिथे जाऊन काय करणार आहेस. 'का जातेस' विचारू नका. 'का' विचारलं की मुलं गेलेल्या भावाचं नाव घेतात आणि मग आईबापांना पुढे बोलता येत नाही."

मी लढाईतला माणूस नाही, पण प्रश्न कसा विचारावा हे आयुष्यभर शिकलो असं मला वाटत होतं. घरी जाऊन मी नोगाला विचारलं, "तू तिथे काय करणार आहेस?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग म्हणाली, "उद्या दुपारी माझ्याबरोबर चला."

नोगा शाळेत असल्यापासून रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून जाते. तिच्या गाडीचा चालक सालेम, जवळच्याच बेदुईन अरबांच्या वस्तीतला. मी केंद्रावर गेलो तेव्हा तो पुढच्या काचा पुसत होता. त्याने मला आपादमस्तक पाहिलं.

"तुम्ही तिचे वडील? माझी एक तक्रार आहे. ही माझ्या आत्यावर ओरडते. तेही अरबीत!"

नोगा म्हणाली, "तुझी आत्या रक्तदाबाच्या गोळ्या शेळीला घालते."

"शेळीची तब्येत बघ किती छान आहे. आणि आत्या म्हणते, ही मुलगी आमच्यात द्या. मी सांगितलं, आत्या, तिला घरात आणलीस तर पहिला मी पळून जाईन."

तेवढ्यात फोन आला आणि ते निघाले. नियमात नसताना सालेमने मला पुढच्या सीटवर बसवलं. कुठल्या वस्तीकडे गेलो ते सांगत नाही, पण आपल्यापैकी ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना कळेल. एका जागी डांबर संपतं आणि गाडी थांबते. पुढे स्ट्रेचर हातांनी न्यावं लागतं. मी म्हटलं, "इथे रस्ता कधी होणार?" सालेम म्हणाला, "मला काय विचारता? मत तुम्हीही देता." दोघं दगडांतून पत्र्याच्या घरापर्यंत गेले. मी गाडीशी थांबलो. येताना स्ट्रेचरवर एक म्हातारी होती आणि नोगा तिच्याशी अरबीत अखंड बोलत होती. मला त्यातलं फारसं कळलं नाही. म्हातारीने मात्र तिचं मनगट धरून ठेवलं होतं आणि इस्पितळापर्यंत सोडलं नाही.

परतताना नोगा म्हणाली, "अब्बा, मी मेडिक होणार आहे. जखमींवर पहिले उपचार करणारी. बंदूकही असेल, खोटं सांगत नाही. पण पिशवी जास्त जड असेल. समोर जो पडला असेल त्याच्यावर उपचार करायचे, तो कुणाचा आहे ते नंतर. तसंच शिकवतात. नंतर बेर-शेवाला नर्सिंग करेन, आणि मग ह्याच रस्त्यावर परत येईन."

सालेम म्हणाला, "तोवर डांबर करून ठेवतो."

हे झालं दोन आठवड्यांपूर्वी. त्या दिवसापासून ती माझ्याशी पूर्ण वाक्यं बोलते. सहीचं मात्र तिने परत काढलं नाही. मीही नाही.

आता शिमशोनभाऊंच्या राखीव दलातल्या निवृत्तीकडे येतो. मेजरबाईंनी मघाशी सांगितलं की त्यांच्या जागी दुसरा मराठी माणूस नेमणार नाहीत. आताचे आईबाप इथेच वाढलेले आहेत, त्यांना हिब्रू कळते. हे कळल्यावर आपल्या कार्यकारिणीने काय केलं, तुम्हाला माहीत आहे का? ठराव! "आमच्या समाजाची ही जागा रद्द करू नये, ती त्वरित भरावी." आपल्याला जागा जाताना दिसली की ती कसली आहे हे बघायच्या आधी आपण ठराव करतो. मी कार्यकारिणीत इतकी वर्षं हात वर करत आलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा विरोध केला. मी म्हटलं, ही एक जागा रिकामी राहू दे. हिब्रूतलीही रिकामी होऊ दे. सालेमच्या वस्तीतली मुलंही सैन्यात आहेत, तिथे अरबीत बातमी नेणारा जो कोणी असेल, त्यालाही काम न उरो. आणि सीमेपलीकडच्या घरांनाही असा माणूस ओळखीचा नसो. किल्लेकरसाहेब म्हणाले, "हनोख, हे इतिवृत्तात कसं लिहू?" मी म्हटलं, लिहू नका. पण ठराव मागे घ्या. त्यांनी मागे घेतला. त्यांचेही आभार.

शिमशोनभाऊ, तुम्हाला शाल दिली, मानचिन्ह दिलं, मंडळाने चांदीची शिट्टी दिली. मी काही आणलेलं नाही. तुमची साखर ताब्यात राहो, गुडघे चालोत. आणि ज्या घरांची तुम्हाला माहिती नाही म्हणालात, मुलं सुट्टीला येतात ती घरं, तिथे आता सावकाश जा. बसा. मळक्या कपड्यांचा ढीग बघा. तुमचा अंदाज सुधारेल.

महिला मंडळाचे, मेजरबाईंचे, दाविदभाईंच्या भाषांतराचे, ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडूनही न चिडणाऱ्या तरुणांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार मानतो. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, मराठी कुठे अडखळली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. भाषण नीट लिहून आणायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. दुपारी जेवण झाल्यावर टेबलाशी बसलो. शुली इथे नारळ खवायला आली होती, नोगा रुग्णवाहिकेवर होती, घरात कुणी नव्हतं. टेबलावर दुसरा कागद आधीपासून होता, म्हणून आधी तो घेतला. नोगा, सही केली आहे. कागद तुझ्या पलंगावर ठेवलाय. त्यानंतर भाषणाचं काही सुचेना. कपड्यांचं मशीन थांबलेलं होतं. मी बाल्कनीत जाऊन कपडे झटकले आणि एक एक करून वाळत घातले.